पुण्याची मैत्रीण

सुक्या बांगड्यांचा वास आला की मला आमच्या माजघरातला जुना कॉम्प्युटर आठवतो. मी अकरावीत होते. आई मालवणच्या बाजारात मासे विकायची आणि दादा कुडाळला सायबर कॅफेत कामाला होता. त्यानेच तो कॉम्प्युटर आणून आईच्या सुक्या माशांच्या टोपलीशेजारी मांडला होता. चॅटवर माझी पुण्याच्या एका मुलीशी ओळख झाली. ती माझं सगळं ऐकून घ्यायची. एकदा मी तिला लिहिलं, आई डोक्यावर पाटी घेऊन कॉलेजवरून जाते तेव्हा मी मैत्रिणींच्या मागे लपते. दोन दिवसांनी आईने मासे निवडताना मान वर न करता विचारलं, “तुका माझी लाज वाटता गो?” मी ते जगात एकाच मुलीला सांगितलं होतं. दादा दारात उभा होता. “ती पुण्याची मुलगी मीच होतंय,” तो म्हणाला, “तू अनोळख्यांका काय काय सांगतंस, ता बघूक. खंयचो कोण भेटलो आसतो तर?” त्याची काळजी खरी असेल, पण ते आईला कशाला वाचून दाखवलंस, असं मी त्याला विचारलं. दुसऱ्या दिवसापासून आई लांबच्या वाटेने बाजारात जाऊ लागली. मी कितीदा विनवलं, तरी ती पुन्हा कॉलेजवरून गेली नाही. आज माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिच्या फोनची मला भीती वाटते आणि ते मी तिला तोंडावर सांगते, पण तिच्या नकळत तो उघडायला माझा हात धजत नाही.