रेंजरबाईंचं नाक

रेंजरबाई कुठलीही वस्तू आधी नाकाला लावायच्या, मग बोलायच्या. चंदन असो, मध असो, माझ्या घरून आलेला चहा असो. भोपाळच्या कोलार रोडवर माझ्या दुकानाच्या वर भाड्याने राहायच्या. माहेर नागपूरचं. गुरुवारी कापूर घ्यायच्या, तोही हुंगून. "काका, यात मेण आहे." मी म्हणायचो, "तुम्ही जंगल सांभाळा."

मी चौथी शिकलेला. गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात लेथवर उमर काढली, मग पूजासामानाचं दुकान टाकलं. एकदा नवा माल आला: इंद्रजाल. काळं, जाळीदार, पंख्यासारखं. घरात लावलं की नजर लागत नाही म्हणतात. चार फ्रेमा करून टांगल्या.

"हे काय, काका?"

"जडी. जंगलातली."

"माझ्या जंगलात तर नाही."

फ्रेमेतून खाली गळलेली काडी त्यांनी मला पेटत्या कापरावर धरायला लावली. केस जळल्याचा वास सुटला.

"झाड जळताना असा वास येतो? समुद्रातला जीव आहे हा. तळातून उपटतात, मग तिथे मासेही टिकत नाहीत. वाघाला जो कायदा, तोच याला."

"भोपाळात कुठला समुद्र?"

"तुमच्या भिंतीवर आहे ना."

अर्ध्या तासात वर्दी घालून, दोन शिपाई घेऊन उतरल्या.

"आमचा चहा प्यालात, बाई."

"प्याले. म्हणून पंचनाम्यातली ओळ गळणार नाही. अजून कुठे आहे?"

"नाही," म्हणालो. खोटं. पाचवं घरी होतं, देव्हाऱ्यामागे. बायकोने लावलेलं. लावलं त्याच पावसाळ्यात ती वारली.

जमानतीवर सुटलो, पण बाईंशी बोललो नाही. जिन्यावर त्यांची पावलं वाजली की वाटायचं, आता माझ्या घरी झडतीला येतात की काय. मग कोर्टात त्यांची साक्ष झाली. सगळं माझ्याविरुद्ध सांगितलं. माझ्या वकिलाने विचारलं, याला माहीत होतं का? म्हणाल्या, "काडी जळेपर्यंत त्यांना ती जडीच वाटत होती." मला वाचवायला एक शब्द जास्त नाही, अडकवायलाही नाही.

पुढे बाईंची बदली झाली. उद्या चार्ज सोडायचा, सामान दारात. मी कागदात गुंडाळलेलं पाचवं त्यांच्यापुढे ठेवलं. हुंगलं त्यांनी.

"काका, हे घेतलं तर नवा पंचनामा होईल. त्या दिवशी खोटं बोललात, तेही लिहावं लागेल."

"लिहा."

बांधलेली पेटी सोडून कागद काढले. शिपायांना बोलावलं. मी सुनेला सांगून घरून चहा मागवला.

"आधी सही," म्हणाल्या.

पुरं नाव लिहिलं मी, बापाच्या नावासकट. मग बाईंनी कप उचलला आणि न हुंगता प्याल्या.