सोपानभाऊंचे ओढ्यावरचे थांबे

सोपानभाऊ गेल्याची बातमी मला ड्रायव्हर लोकांच्या मोबाईल ग्रुपवर कळली. सकाळचं दूध उतरवून घेत होतो. आधी त्यांचा फोटो आला, खाली हार्ट अटॅकचं लिहिलेलं, आणि मग सगळ्यांचे जोडलेले हात... एकाखाली एक. त्यात मीही एक जोड पाठवला आणि फोन खिशात टाकला. इतक्या वर्षांच्या माणसाला एवढ्यावर वाटेला लावलं, याची त्या दिवशी लाज वाटली. महिना होऊन गेला तरी ती काही कमी होईना, म्हणून हे लिहायला बसलोय.

आमचा दूधसंघ कर्जत तालुक्यातला. मी तिथं वाहतूक बघतो, म्हणजे कोणता टेम्पो कोणत्या वाड्यांवरचं दूध घेऊन किती वाजता केंद्रावर येतो, हे. सोपानभाऊ सगळ्यांत जुने ड्रायव्हर, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. मी नवा होतो तेव्हा कॅनचं झाकण उघडून नुसत्या वासावर दूध पारखायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या लायनीवर कुणाची गाय व्याली की दुसऱ्या दिवशी चिकाचा डबा माझ्या टेबलावर हजर. “पारूबाईची तांबडी व्याली, साहेब. कालवड झाली,” असं सांगायचे, जसा काही त्यांच्याच घरात पाळणा हललाय. बोलणं तेवढंच. एरवी तोंडाला कुलूप.

दिवाळीनंतर लाळ-खुरकूत आली, त्या वर्षाची गोष्ट. या रोगात जनावराच्या तोंडात फोड येतात, खुरं चिघळतात, मोठी गाय आटते आणि वासरू तर उभ्या उभ्या जातं. रोग चाकाला, चपलेला, कॅनच्या बुडाला लागून गावोगाव फिरतो. आमच्या गाड्यांना जीपीएस आधीच बसवलेलं होतं. जनावरांच्या सरकारी डॉक्टरबाई रोज माझ्या स्क्रीनसमोर येऊन बसायच्या. एखाद्या गावात रोग निघाला की तिथून गेलेली गाडी पुढं कुठं कुठं गेली ते नकाशावर बघायचं, त्या गावांत लस आधी पोचवायची, गाडीची वाट बदलायची. फार उपयोग झाला, खोटं कशाला बोलू? बाईंच्या सांगण्यावरून मी माझ्या सहीनं एक सूचनाही काढली, की प्रत्येक वाडीत शिरण्याआधी चाकं आणि कॅनची बुडं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवावीत. कागद भिंतीवर लागला. भिंतीवरचे कागद आमच्याकडं कुणी वाचत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मीही तो चिकटवून विसरून गेलो.

चार दिवसांतच सोपानभाऊंचा टेम्पो स्क्रीनवर थांबलेला दिसायला लागला. प्रत्येक वाडीच्या अलीकडं, ओढ्यापाशी, दहा-दहा मिनिटं. आता आमच्या धंद्यात दुधाची गाडी ओढ्यावर थांबली की त्याचा एकच अर्थ. दूध काढून घ्यायचं आणि तेवढं पाणी मारायचं. सारी नोकरी हेच पकडण्यात गेलेली, माझ्या डोक्यात दुसरं काही येणारच नव्हतं. दूध तपासायची खोली माझ्या खोलीला लागूनच आहे. त्यांच्या दुधाची डिग्री, म्हणजे दाटपणाचं माप, तसूभरही उतरलेली नव्हती. चार पावलं चालून तेवढं बघितलं असतं तर...

नाही बघितलं. सगळ्या ड्रायव्हरांसमोर त्यांना उभं केलं.

“ओढ्यावर काय करता हो?”

“साहेब, तुमीच तर...”

“कारणं नकोत मला. नकाशा दिसतोय.”

ते म्हणाले, “एक डाव माज्यासंगं गाडीवर चला. सोताच्या डोळ्यानं बघा.”

“मला तेवढाच उद्योग आहे का?”

मागून कुणीतरी हसलं. सोपानभाऊंनी किल्ली टेबलावर ठेवली. मी त्यांना केंद्रावर कॅन धुवायला बसवलं.

नवा ड्रायव्हर एकदम वेळेवर. कुठं थांबा नाही की काही नाही. मी त्याची पाठही थोपटली. आणि आठ-दहा दिवसांत नेमक्या त्याच वाड्यांवर रोग निघाला. पारूबाईची कालवड गेली. डॉक्टरबाई स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, “दोन्ही बाजूंच्या गावांत रोग होता, तरी या वाड्या इतके दिवस कोऱ्या कशा राहिल्या? आणि आधी इथं हे थांबे होते, ते कुठं गेले?”

मी तसाच मोटारसायकल काढून ओढ्यावर गेलो. पारूबाई तिथं धुणं धूत होती. म्हणाली, “चाकं धुवायचा की ओ त्यो! सोड्याची पुडी बादलीत टाकायची आन् कॅनची बुडं घासायची. आमी हसायचो, गाडी धुतोस का म्हस? तर म्हनायचा, सायबाचा कागद हाय.”

सायबाचा कागद! अख्ख्या संघात तो एका माणसानं वाचला, आणि वाचून पाळला म्हणून मी त्याला लायनीवरून काढलं.

दुसऱ्या दिवशी किल्ली परत दिली. “उद्यापासून लायनीवर या,” एवढंच म्हणालो. ते म्हणाले, “बरं.” सगळ्यांसमोर एक वाक्य बोलायचं होतं, की यांनी पाणी मारलेलं नव्हतं, माझं चुकलं. पण जीभ रेटली नाही. साहेबानंच माफी मागितली तर वचक काय राहणार, असलं काहीतरी डोक्यात. सगळ्यांना चाकं धुण्याची सक्ती केली, पण पहिल्यापासून कोण धूत होतं ते सांगितलं नाही. पोरं समजली, म्हाताऱ्याला दया म्हणून परत घेतला. ते आवारात शिरले की कुणीतरी म्हणायचं, “आली पाण्याची गाडी!” मला खिडकीतून ऐकू यायचं. चिकाचा डबा त्यानंतर कधी आला नाही. मीही विषय काढला नाही. बोलू की कधीतरी, असं म्हणत तीन वर्षं गेली... आणि मग तो फोटो आला.

या महिन्याच्या मिटिंगला मी ते वाक्य बोललो. श्रद्धांजलीसाठी सगळे खाली मान घालून उभे होते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलतात, म्हणून कुणी ते मनावरही घेतलं नसेल.

मग त्यांच्या घरी गेलो. सुमनवहिनींना सगळं सांगितलं, अगदी त्या हसण्यासकट. त्यांनी गहू निवडता निवडता ऐकून घेतलं.

“त्यास्नी ठावं हुतं,” त्या म्हणाल्या. “तुमी ओढ्यावर आल्ते, पारूबाईनं सांगितलं हुतं की. लई वाट बघितली त्यांनी. मिटिंग असली की धुतल्याली कापडं मागायचे. म्हनायचे, आज बोलतील साहेब.”

तीन वर्षं, दर मिटिंगला, सोपानभाऊ पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत अगदी पुढं, माझ्या टेबलासमोर येऊन बसायचे आणि शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत राहायचे. मला वाटायचं, वय झालं, ऐकायला कमी येत असेल.