सतरंजीची घडी

भूतखेत, करणी... मी यातलं काही मानत नव्हते. आजही मानते असं नाही. पण हे माझ्यासोबत झालं, म्हणून लिहितेय.

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत लावणी करते. माझे मिस्टर सुखदेव आमच्याच कंपनीत स्टेज अंथरायचे. फळ्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर सतरंजी. मग अनवाणी चालून टाचेनं एकेक फळी दाबून बघायचे. फळी कच्ची वाटली की तिथं ताडपत्री-सतरंजीची तिकोनी घडी घालून ठेवायचे — म्हणजे सुतार आला की त्याला दिसावी. अशी घडी मी दुसऱ्या कुणाची बघितली नाही.

मागच्या सीझनला ते तापानं गेले. मलेरिया मेंदूत गेला होता. मी त्या दिवशी प्रयोगाला होते. पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

यंदाचा पहिला प्रयोग आरमोरीजवळच्या एका गावात. दुपारी चारचा सुमार, स्वच्छ ऊन. नवीन माणूस मोरेश्वरभाऊ, सिरोंच्याकडचे — त्यांनी सुखदेवना कधी पाहिलंही नव्हतं. त्यांचं अंथरून झालं होतं. मी स्टेप्स करायला चढले, तर मधोमध तीच घडी.

मी विचारलं तर ते म्हणाले, आत्ताच सपाट केली होती. त्यांनी पुन्हा सरळ केली अन् दोरी आणायला खाली उतरले. मी कडेला बसून घुंगरू बांधत होते. स्टेजवर दुसरं कुणी नाही, वारा नाही. मान वर केली... घडी परत होती. पहिल्यासारखीच, कोपरा आत दुमडलेला.

मोरेश्वरभाऊ आले. घडी परत बघून त्यांनी खाली वाकून स्टेजखालून तिथली फळी बघितली. अर्ध्याहून जास्त तडकलेली. खाली लोखंडी अँगल उभे होते.

मी त्या घडीवर हात ठेवून बसून राहिले. शेवटी ते हळूच म्हणाले, "बाई, हात काढा... फळी बदलाची हाय."

त्यानंतर सीझनभर मी प्रत्येक स्टेजवर लवकर जाऊन बघायचे. पुन्हा कधीच काही झालं नाही.

कुणी म्हणतं ताडपत्री आपोआप वळते. असेल. दोनदा, तशीच? मला सांगता येत नाही.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतलं, सुपातच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माह्यासाठी काई बोलला का वं?"

मी म्हटलं, "नाही."