जहाजवाल्याच्या पुस्तकांतला श्वास

माझ्या पार्लरमध्ये खुर्च्या दोनच. त्या काळात मी गिऱ्हाईक बसवायच्या आधी अंदाज घ्यायचे, बाई जहाजवाल्याच्या बाजूची आहे की विरुद्ध. दोन बाजूंच्या दोघी शेजारी बसल्या, की डोक्याला लावलेला रंग वाळायच्या आत जुंपलीच म्हणून समजा.

पुस्तकांचं खरं नाव कोणी मोठ्याने घेत नसे. सगळ्या "जहाजवाल्याची पुस्तकं" म्हणायच्या. नायक जहाजांचा मालक, तापट. नायिका नकाशे काढणारी. प्रत्येक भागात दोघं भांडतात, दुरावतात, जवळ येतात, आणि जगात ज्या गोष्टी दार लावून होतात त्या या पुस्तकांत दार सताड उघडं टाकून होतात. एका शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्याकडे यायच्या. त्या म्हणायच्या, "हा कसला नायक? आधी विचारत नाही, मग माफी मागतो, मग परत विचारत नाही. जहाजात नाही, तुरुंगात ठेवा त्याला." त्यावर औषधवाल्याची बायको डोळे मिटूनच उत्तर द्यायची, "माफी तरी मागतो ना, बाई! आमच्याकडे तेवढंही नाही." एकीला भाषा पोरकट वाटायची, दुसरी त्याच भाषेवर लट्टू. आणि मी? मी कोणी विचारलं की नाक मुरडायचे, पण केस वाळवायच्या यंत्राच्या गोंगाटात मी सगळे भाग ऐकलेले होते. धंदा आहे, दोन्ही बाजूंना धरून राहावं लागतं.

"ऐकलेले" म्हटलं, कारण निम्म्याहून जास्त बायका ती पुस्तकं वाचत नव्हत्या, मोबाइलवर ऐकत होत्या. कानात बोळे घातले की मुखपृष्ठ कोणाला दिसत नाही. मात्र त्या कानांत वाचणारा आवाज माझ्या थोरल्या जावेचा होता, हे माझ्या खुर्चीत बसलेल्या एकीलाही माहीत नव्हतं.

जाऊबाई बस स्थानकावर घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली रद्द झाली, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडतंय. आवाज स्वच्छ, सरळ, ना गोड ना कडू. तिचं ऐकून चुकलेली माणसं बरोबर गाडीत बसायची. मग तिथे यंत्र आलं आणि तिला घरी बसवलं. आधीच ती घरात मोजकं बोलायची, आता तेही आटलं.

पार्लरच्या वरच्या मजल्यावर, पुस्तकं ऐकवणाऱ्या एका कंपनीसाठी आवाज मुद्रित करणारा एकजण होता. आम्ही त्याला कानवाला म्हणायचो. माझ्या केस वाळवायच्या यंत्राची तक्रार घेऊन तो दर दोन दिवसांनी खाली यायचा. एकदा म्हणाला, स्वच्छ उच्चाराची बाई पाहिजे, घरून वाचलं तरी चालेल. मी लगेच जावेचं नाव सांगितलं. पुस्तक कसलं आहे ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. जाऊबाईने पहिलं प्रकरण वाचायला घेतलं आणि मध्यावर तिचे कान लाल झाले, पण ती थांबली नाही. घोषणा अर्धवट सोडायची नाही, ही तिची सवय.

तिच्या घरातल्या अडगळीच्या खोलीला तिने चारी बाजूंनी गाद्या लावल्या, आतून कडी घातली आणि दुपारी दुपारी वाचू लागली. आणि अशी वाचायची की विचारू नका! जहाजवाला नायिकेच्या पाठीवरची गाठ सोडतोय आणि ही आपली फलाट क्रमांक सांगितल्यासारखी स्थिर. ऐकणाऱ्यांत लगेच तट पडले. खाली अभिप्राय यायचे. "ही बाई प्रणय वाचते की वेळापत्रक?" त्याच्याच खाली, "म्हणूनच तर अंगावर येतं. ती लाडात येत नाही, खरं सांगते."

आता माझे थोरले दीर. भाऊजी वजनमापं तपासणारे अधिकारी, नुकतेच निवृत्त झालेले. तराजूचा काटा केसभर हलला तरी दुकानदाराला घाम फोडणारे. त्यांना कळलं तेव्हा आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. ते ताटातून मान वर न करता म्हणाले, "तुझा आवाज लोकांना वाट दाखवायचा. आता काय दाखवतो?"

जाऊबाईने त्यांच्या ताटात भाजी वाढली. पण तो शब्द तिला लागला तो लागलाच. पुढे रोज दुपारी ती वाचायला निघाली, की भाऊजी म्हणायचे, "मी जरा बाहेर जाऊन येतो. असलं माझ्या कानावर नको." पुढचं दार ओढल्याचा आवाज यायचा, मग ती आत जाऊन कडी लावायची. भांड्यांना हात लावता लावता मला एकदा म्हणाली, "त्यांना माझी लाज वाटते गं. तोंडाने म्हणत नाहीत, पण घर सोडून जातात." मी भाऊजींवर मनातून चिडले होते. असल्या सज्जनपणाचा राग येतो मला, अजूनही येतो.

चौथा भाग संपत आला असताना भाऊजी गेले. अचानक, हृदयाने. ती खोलीतून बाहेर आली तर ते खोलीच्या दाराबाहेर पडलेले. बाहेरून परत आले असतील आणि कोसळले, असं सगळ्यांनी धरलं. दिवस झाले, माणसं पांगली. जाऊबाईने पाचवा भाग वाचायला घेतला, पण तो काटा तिच्या मनात तसाच होता. आता तो काढणार कोण? विचारायचं कोणाला?

सहावा भाग आला आणि अभिप्रायांचा रंग बदलला. जहाजवाला चांगला की वाईट, हे राहिलं बाजूला. कोणीतरी लिहिलं, "वाचणाऱ्या बाईच्या मागे कोणी बसलंय का?" मग एकामागून एक. "मलाही ऐकू येतं. वाक्य संपलं की कोणीतरी श्वास घेतं." "कंपनीची युक्ती आहे, ऐकणाऱ्याला चेव यावा म्हणून." "युक्ती असेल तर घाणेरडी आहे." "मला तर त्याच्याशिवाय आता चैन पडत नाही." एकीने लिहिलं होतं, की तिने ते ऐकल्यावर उठून घरातली सगळी दारं तपासली, पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं.

त्या आठवड्यात औषधवाल्याची बायको माझ्या खुर्चीत बसली होती. चेहऱ्याला लेप, डोळ्यांवर काकडी. एकदम तिने माझं मनगट धरलं. "ऐका हो जरा," म्हणून एक बोळा माझ्या कानात घातला. जावेचा आवाज थांबला. मग काहीच नाही. मग त्या काहीच नाहीमध्ये कोणीतरी नाकाने हवा आत ओढली, सावकाश, आणि शेवटाला बारीक शीळ वाजली.

माझ्या हातातला लेपाचा वाडगा खाली पडला. ती शीळ मला ठाऊक होती. लहानपणी पडून भाऊजींचं नाक मोडलं होतं. जेवताना पंगतीत त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला ती हमखास ऐकू यायची.

लेप तसाच टाकून मी वर गेले. कानवाला आधीच वैतागला होता, कंपनीने त्याला झाडलं होतं. त्याने मला सगळं उलगडून सांगितलं. शांतता कधी नुसती नसते म्हणे, प्रत्येक खोलीची आपली वेगळी असते. म्हणून वाचायच्या आधी वाचणाऱ्याने थोडा वेळ गप्प बसून खोलीची शांतता मुद्रित करायची. मग खोकला, पानांची सळसळ कापली, की त्या जागी हा शांततेचा तुकडा बसवायचा. कापडाला त्याच कापडाचं ठिगळ.

"पाचव्या भागापासून बाईंच्या इमारतीत पाण्याचा पंप सुरू असतो दुपारी," तो म्हणाला. "शांततेत घरघर येते. म्हणून मी चौथ्या भागातली जुनी शांतताच लावत गेलो. त्यात श्वास आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही हो. मला वाटलं, बाईंचाच असेल."

"पंप नव्हता तेव्हा?" मी विचारलं. "पहिल्या भागात?"

त्याने जुनं काढून लावलं. पहिला भाग, पहिलं प्रकरण. जाऊबाई गप्प बसलेली. आणि दाराच्या फटीतून आल्यासारखा, बारीक, तो श्वास. दुसऱ्या भागात तो. तिसऱ्यात तो. पुढचं दार ओढल्याचा आवाज यायचा, पण दार आतून ओढलं काय अन् बाहेरून ओढलं काय, आवाज एकच. तेव्हा मला आठवलं, भाऊजी पडलेले सापडले तेव्हा त्यांच्या पायांत घरातल्या सपाता होत्या. सपाता घालून बाहेर फिरायला कोण जातं? इतक्या माणसांनी पाहिल्या आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात, ते हेच.

मी जाऊबाईला सांगितलं. वाटलं होतं, रडेल. ती घोषणेच्या आवाजात म्हणाली, "लाव."

कानवाल्याने दिलेलं सगळं आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसून ऐकलं. नुसत्या शांतताच नाहीत, न कापलेली पूर्ण प्रकरणं. जहाजवाला भांडत असायचा तेव्हा दाराबाहेरचा श्वास संथ चालायचा. दोघं जवळ आली, की तो थांबायचा. तिने शेवटचा शब्द वाचेपर्यंत थांबलेला, आणि मग एकदम सुटायचा. ज्याच्या कानावर असलं काही नको होतं, तो माणूस बायकोचं एकेक वाक्य श्वास रोखून ऐकत होता.

"लबाड," जाऊबाई म्हणाली. आणि मग मात्र तिने पदर डोळ्यांना लावला. "अगं, आत यायचं होतं ना. मी काय खाल्लं असतं त्यांना?"

पण कंपनीचं पत्र आलेलंच होतं. अर्ध्या ऐकणाऱ्यांना तो श्वास हवा असला तरी उरलेले अर्धे तक्रार करत होते, त्यामुळे शेवटच्या भागाबरोबर जुन्या सगळ्या भागांतून तो काढून टाकायचा. मूळ मुद्रणंही स्वच्छ करून त्यांच्या ताब्यात द्यायची. जाऊबाईने कानवाल्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "तो पुसू नका. माझ्याकडे त्यांचं दुसरं काही नाही." तो म्हणाला, शेवटचा भाग पुरा होईपर्यंत मी हात लावत नाही, पुढचं माझ्या हातात नाही.

शेवटच्या भागासाठी इमारतीतल्यांना सांगून दुपारचा पंप बंद ठेवला. तिने नवी शांतता मुद्रित केली. कानवाल्याने ती मला ऐकवली. तिच्यात काहीही नव्हतं, गाद्यांचा दबलेला पोकळपणा सोडून. मला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं.

मग एका सकाळी तो स्वतः खाली आला. माझ्या यंत्राबद्दल एक अक्षर बोलला नाही. "जरा वर या," म्हणाला. तोंड पांढरं पडलेलं.

शेवटचं प्रकरण होतं. नायिका जहाजावर परत येते, रात्र आहे, जहाजवाला पहिल्यांदाच तिला आधी विचारतो. जाऊबाई वाचत होती, तशीच सरळ. आणि त्या प्रश्नापाशी ती थांबली. पान उलटल्याचा आवाज नाही, खोकला नाही. बराच वेळ गेला. मग ती पुस्तकातलं नसलेलं बोलली. घोषणेचा आवाज नव्हता तो. तो आवाज मी इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

"अहो, आत या ना. बाहेर बसून किती ऐकणार?"

कडी काढल्याचा आवाज आला. दार करकरलं. मग कडी परत लागली.

जाऊबाई पुढे वाचू लागली. आणि तिच्या वाचण्यावरच, तिच्या शब्दांच्या अंगावरून, नाकाने ओढलेला श्वास आणि शेवटाला शीळ. वाचणारा माणूस बोलता बोलता श्वास आत ओढू शकत नाही, एवढं मलाही कळतं. आता तो दारापलीकडून येत नव्हता. तिच्या खांद्यापाशी असावा इतका जवळ होता. पुढच्या पानांत जे होतं ते तिने असं वाचलं, की कानवाला खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि मला जमिनीकडे बघावं लागलं.

"मी काय करू?" त्याने विचारलं. "हे पण पुसू?"

मी तडक जाऊबाईकडे गेले. ती ओट्यापाशी भांडी पुसत होती. गाल भरल्यासारखे वाटले, केस विंचरलेले. मी सगळं एका दमात सांगितलं आणि विचारलं, पुसायचं का, की आपण दोघी जाऊन कंपनीशी भांडायचं?

"पुसू दे," ती म्हणाली. "जुनंही पुसू दे, हेही पुसू दे. चोरून ऐकणाऱ्याचा श्वास होता तो. जगाला कशाला दाखवायचा? त्यांना नसतं आवडलं."

"पण तूच म्हणाली होतीस, तुझ्याकडे त्यांचं दुसरं काही नाही."

"तेव्हा नव्हतं." तिने फडकं पिळून वाळत घातलं आणि अडगळीच्या खोलीकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. "आता दुपारी आत बसतात. आता लाजत नाहीत."

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण रात्री घरी आले, नवरा भिंतीकडे तोंड करून झोपला होता, आणि मला भीतीहून जास्त हेवा वाटला.