आतोबांचा दप्तरखाना

आमच्या आतोबांइतका, म्हणजे आत्याच्या यजमानांइतका, भित्रा माणूस युद्धाच्या त्या वर्षांत अख्ख्या जबलपुरात दुसरा नसेल, आणि ते काही जपान्यांना भीत नव्हते. ते भीत होते वाळवीला, पावसाळ्यातल्या ओलीला, विडी ओढणाऱ्या कारकुनाला आणि फाइल उघडी असताना शिंकणाऱ्या कोणालाही. शहरातल्या घरादारांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत ते दप्तरखाना सांभाळत, आणि मी तिथेच, त्यांच्याच शब्दावर लागलेला, नवा कारकून होतो. कोणी फाइल नेली की हे मागोमाग जात आणि त्याच्या खुर्चीमागे श्वास रोखून उभे राहत. ‘‘तुम्ही वाचा भैया, मी फक्त पाहून राहिलो.’’ मानेवर असा पहारा बसल्यावर कोण रेंगाळणार? आठवड्याचं काम लोक तासाभरात उरकून फाइल परत करत. आमच्या कचेरीतल्या कामाच्या उरकाचं सगळं श्रेय मी तरी या भीतीलाच देतो.

फायलींवर नंबर नव्हते. शहरातून चालत जावं तशा आतोबांनी त्या लावल्या होत्या. दारापाशी घमापूर, पुढे सराफा, खिडकीखाली तिलवाऱ्याचा रस्ता. गल्लीत घरं ज्या ओळीने, त्याच ओळीने कागद. त्यांना फाइल मिनिटात सापडे, आम्हाला जन्मात नाही. नव्या साहेबांनी याचाच धसका घेतला. गावात तोफांचा कारखाना, म्हणजे बॉम्ब इथेच पडणार, असं जो तो म्हणत होता. ‘‘कल को ये बुड्ढा मर गया तो?’’ साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं आणि हुकूम काढला: महिन्याभरात प्रत्येक फाइलवर नंबर पडला पाहिजे, आणि नंबर सांगताच फाइल टेबलावर आली नाही तर आतोबांनी घरी बसावं. नंबर घालायचं काम माझ्याकडे आलं. आतोबा एकेक फाइल हातात देत आणि मी तिच्यावर आकडा टाकी. घरच्याच माणसाच्या पोटावर पाय देतोय असं मला वाटे.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी एक नंबर पुकारला. आतोबा रॅकांच्या मधोमध उभेच. नुसत्या आकड्यावरून घर कोणतं ते त्यांना उमगेना. कोणता नंबर कोणत्या घराचा ते लिहिलेलं रजिस्टर घेऊन मी शेजारी होतो, त्यात मी तो नंबर शोधला. मी हळूच पुटपुटलो, ‘‘आतोबा, घमापूर. विहिरीमागचं लोहाराचं घर.’’ पुढच्या क्षणी फाइल टेबलावर होती. साहेब खूश झाले, नोकरी वाचली, माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी आतोबांनी चाव्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला.

‘‘हे काहून? नोकरी तर राहिली ना!’’ मी ओरडलोच.

‘‘अरे बाप्पा, मला एकच भीती होती. मी गेलो तर लोकांची घरं कोणाला सापडतील? आता नंबर आहेत, तू आहेस. चलो, सुटलो.’’

त्यानंतर ते कशालाच भ्याले नाहीत. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला, सगळी आळी खंदकाकडे पळाली, तरी हे ओसरीवर निवांत बसून राहत. आत्या रडकुंडीला येऊन हात ओढायची आणि हे नुसते हसायचे. मला त्या निर्धास्त माणसाकडे पाहवत नसे. त्यांची भीती मीच एकेक नंबर घालून काढून घेतली होती, आणि ती परत कशी द्यावी ते काही मला सुचलं नाही.