मला साक्षीदार नेमलं होतं

गेल्या महिन्यापर्यंत इथं बेलव्ह्यूच्या मराठी मंडळींच्या कुठल्याही पॉटलकमध्ये, घरोघरच्या डब्यांची जेवणं झाली की फर्माईश यायची, "हं, आता धुरघराचा किस्सा!" मग मी कुणाची तरी ओढणी खांद्यावर घ्यायचो आणि सत्तरीतली बाई व्हायचो. यात अख्ख्या वॉशिंग्टन राज्यात माझा हात धरणारा कुणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

ती बाई खरी होती. आमच्यापासून तासाभरावर, नदीकाठी राहणाऱ्या इथल्या एका मूळ जमातीची. सामन मासे धुरावर सुकवून विकायची. ऑफिसच्या सेवा उपक्रमातून मी तिच्या धंद्याची वेबसाइट करून दिली होती. मासे सुकवायचं नवं धुरघर सुरू झालं त्या दिवशी तिनं मला जेवायला बोलावलं. जेवणाआधी आम्हा चार पाहुण्यांना उभं केलं, प्रत्येकाच्या तळहातावर एक नाणं ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही साक्षीदार. आज मी बोलेन ते लक्षात ठेवा. कुणी विचारलं तर जसंच्या तसं सांगा."

मला राहवलं नाही. "कागदावर का नाही लिहून ठेवत?"

"या नदीत मासे धरायचा आमचा हक्क सरकारनं कागदावरच लिहिलाय," ती म्हणाली. "तरी मासे धरले म्हणून माझ्या वडिलांना पोलिसांनी पकडून नेलं. कागदाला लाज नसते. माणसाला असते."

मग तिनं आपल्या मुलाला आणि भाचीला पुढं बोलावलं. भाची शहरातली नोकरी सोडून मावशीच्या हाताखाली काम शिकायला आली होती. आपल्या माघारी धुरघर कुणी चालवायचं, ते बाईनं दोन-तीन वाक्यांत सांगितलं आणि सगळे जेवायला बसले.

एवढंच घडलं. पण एवढ्यावर थांबलो तर मी कसला? बायकोला सांगितलं, मित्रांना सांगितलं, मराठी मंडळाच्या स्टेजवरून सांगितलं. दर वेळी थोडी फोडणी. बाईच्या हातात काठी आली. मुलगा ताटावरून उठून गेला. आणि शेवटी बाई काठी आपटून भाचीला म्हणायची, "हे फक्त तुझं!" तिथं टाळी हमखास.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. मावशी हिवाळ्यात गेली होती.

"धुरघर कुणाचं, ते ठरवायला शनिवारी घरचे सगळे बसणार आहेत. माझा मावसभाऊ म्हणतो, तिनं दोघांना दिलं. मी म्हणते, मला. दोन साक्षीदार वारले, तिसऱ्याला नीट ऐकू आलं नव्हतं. तुम्ही याल ना?"

"येणार म्हणजे काय! 'हे फक्त तुझं', असंच म्हणाली ती," मी सराईतपणे बोलून गेलो. भाची फोनवर रडायला लागली.

फोन ठेवला, तर बायको माझ्याकडे बघत होती.

"पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा असं काही नव्हतं हं."

"मग काय होतं?"

"मला काय माहीत? तिथं तू होतास. 'फक्त तुझं' मंडळाच्या दिवाळीत आलं. डॉक्टरकाकूंनी शिट्टी मारली, तेव्हापासून ठेवलंस."

तीन दिवस मी आठवत बसलो. धुराचा वास आठवला, भाचीचं लाल जॅकेट आठवलं. बाई बोलायला तोंड उघडायची आणि आवाज माझाच यायचा.

शनिवारी तीसेक माणसांसमोर उभा राहिलो. इतका चांगला प्रेक्षक मला कधी मिळाला नव्हता. सगळे पुढं झुकून ऐकत होते. मी म्हणालो, "मी ऐकलं होतं. पण नंतर इतक्यांदा वाढवून सांगितलं, की त्यातलं तिचं किती आणि माझं किती, हे आता मलाच सांगता येत नाही."

कुणी रागावलं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आल्याबद्दल आभार मानून मला बसायला सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. दोघांनी मिळून चालवावं, असं ठरलं.

भाची मला गाडीपर्यंत सोडायला आली. "मावशीनं तुम्हाला का निवडलं, माहितीये? म्हणाली होती, हा माणूस ही गोष्ट कधी विसरणार नाही."

मी गाडीचं दार उघडं धरून उभा राहिलो. ती परत आत गेली, मावसभावाशेजारी बसायला.