चिकट सोंगट्या

काही माणसांना काळजी करायला कारण लागतं. कवळीताईला लागत नसे. दाराची बेल वाजली की आता काय वाढून ठेवलंय, आणि नाही वाजली तर सगळे कुठे गेले, असा तिचा स्वभाव. कवळ्या तयार करणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत तिने उभं आयुष्य दात रंगवण्यात घालवलं. म्हातारं माणूस हसलं तर दात विकतचे आहेत हे कुणाला कळू नये, म्हणून मुळाशी किंचित पिवळट आणि टोकाला किंचित निळसर हात फिरवायचा, हे तिचं काम. नावही तिथल्याच लोकांनी पाडलं आणि ते घरापर्यंत आलं. थोरला भाऊ लाडात असला की तिला सरळ 'कवळे' म्हणून हाक मारी. तिचा हात कधी म्हणून कापला नाही. जीव मात्र सदा टांगणीला.

त्या वर्षी काळजीला खरोखरच कारण मिळालं. दादाचे डोळे चालले होते. दादा म्हणजे हाच थोरला भाऊ. जन्मभर नकाशे काढण्याची नोकरी करून घरी बसलेला, बायको गेल्यापासून बहिणीकडे राहणारा. ताईने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे दोघांचं मिळून एक घर झालं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. म्हणजे रस्त्यात खांबाला धडकणार नाही, पण समोरच्या माणसाचं तोंड ओळखता येणार नाही. औषधं झाली, सुया झाल्या. फरक पडला नाही.

दादाचं सगळं जग शनिवारच्या डावात होतं. दादा धरून चार मित्र, एक मोठा पट, त्यावर कुठल्या तरी काल्पनिक मुलखाचा नकाशा आणि चार राजांची चार सैन्यं. सोंगट्या बोटभर उंचीच्या, मऊ प्लास्टिकच्या. भाल्यांसकट, घोड्यांसकट सगळ्या राखाडी. कुणाची कुठली हे कळायला तळाशी तेवढी रंगीत कडी. पट दादाला पाठ होता आणि फाशांचे आकडे चौघेही मोठ्याने ओरडत. पण ती कडी त्याला दिसेनाशी झाली, आणि एका शनिवारी त्याने मित्रांमधल्या वकिलाचा घोडेस्वार आपला समजून पुढे दामटला.

"अरे, पगार मी द्यायचा आणि घोडा तू पळवायचास होय?" वकील म्हणाला. सगळे हसले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच झालं, तेव्हा कुणी हसलं नाही. वकील हा खरोखरचा वकील होता आणि खेळातही कायद्यावर बोट ठेवणारा. दादा घरी आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "मी आता जात नाही तिकडे."

"सांगून टाक ना त्यांना," ताई म्हणाली.

"सांगितलं की संपलं. मग मला जिंकू देतील. वकीलसुद्धा देईल. लहान भाच्याला देतात तसं. त्यापेक्षा घरात बसलेलं काय वाईट?"

घरात बसलेला दादा कसा असतो हे ताईने वहिनी गेली तेव्हा पाहिलं होतं. तो खुर्चीत बसायचा आणि जेवायला हाक मारली की "झालं माझं" म्हणायचा. जेवला नसला तरी. ते पुन्हा बघायची तिची तयारी नव्हती. तिला भीतीच वाटली, साधी सरळ भीती, की या वेळी तो त्या खुर्चीतून उठणारच नाही.

रंगवायची कल्पना तिचीच. सैन्यं अंगभर चार रंगांत रंगवली तर कडी शोधायची गरज काय? मित्रांना सांगायला निमित्तही सरळ होतं: ताईला निवृत्तीनंतर हाताला काम हवंय. "पिवळं अजून बरं दिसतं मला," दादा म्हणाला, म्हणून पिवळं दादाचं ठरलं, लाल वकिलाचं. निळं खेळाच्या मालकाचं, म्हणजे औषधाच्या दुकानवाल्याचं. हिरवं चौथ्या मित्राचं. त्याला सगळे जांभई म्हणत, कारण तो जिंकत असला तरी जांभया द्यायचा.

औषधवाल्याने खोका देताना दोन्ही हातांनी दिला आणि लगेच सोडला नाही. "हा संच आता कुठे मिळत नाही, ताई. दातांसारखाच जपा."

झालं. एक काळजी कमी होती, तिच्या जोडीला दुसरी आली.

काम मात्र तिने देखणं केलं. आधी भांड्याच्या साबणाने सोंगट्या घासल्या, कारण साच्यातलं तेलकट अंगाला राहिलं तर रंग धरत नाही. वाकलेले भाले गरम पाण्यात बुडवून सरळ केले आणि लगेच गार पाण्यात धरले. मग खिडकीपाशी बसून, दात रंगवायच्या बारीक ब्रशने, आधी पांढरा हात आणि त्यावर रंग. शिपायांच्या डोळ्यांतली बुबुळंसुद्धा सोडली नाहीत. दादा शेजारी बसून रेडिओ ऐकायचा आणि मधूनच विचारायचा, "कुठवर आलं सैन्य?"

रंगावर वार्निश हवं, नाहीतर हाताळून रंग उडणार. ताईने फवाऱ्याचा डबा आणला. प्रयोगशाळेत कडक प्लास्टिकवर तिने आयुष्यभर असलेच चकाकीचे हात दिले होते. प्लास्टिक ते प्लास्टिक, तिला वाटलं. तरी सावध बाई ती. पहिला फवारा फक्त पिवळ्यांवर मारला. बिघडलं तर आपलंच बिघडेल, लोकांचं नको.

आणि बिघडलंच. संध्याकाळी हात लावला तर चिकट. वाळेल, म्हणाली. दुसऱ्या दिवशी चिकट. उन्हात ठेवल्या, पंख्याखाली ठेवल्या, तरी चिकट. राजाच्या दाढीला तिच्या शालीचा धागा लागला तो निघेना. दोन भालेवाले एकमेकांना मिठी मारून बसले, त्यांना सोडवताना तिला घाम फुटला. गरम पाण्याने तरी उतरेल म्हणून एकाला बुडवलं, तर वार्निश जिथल्या तिथे आणि सरळ केलेला भाला पुन्हा लोळला. शनिवार तोंडावर आलेला. या खेपेचा डाव तिच्याच घरी, नव्या सोंगट्या बघायला. तिला झोप लागेना, अन्न गोड लागेना. औषधवाला काय म्हणेल, वकील काय म्हणेल, आणि दादा पुन्हा त्या खुर्चीत.

शेवटी लाज गुंडाळून ती खेळण्यांच्या दुकानात गेली. दुकानदाराने एक सोंगटी बोटाने दाबून पाहिली.

"फवारा मारलात? मऊ प्लास्टिकवर तो धड वाळत नाही, काकू. प्लास्टिकमधलाच तेलकटपणा त्याला वाळू देत नाही. पाण्यात मिसळणारं वार्निश घ्या आणि ब्रशने लावा. या चिकटांवरही त्याचा एक हात द्या, बहुतेक बसेल."

ताईच्या छातीवरचं ओझं उतरलं. घरी येऊन तिने लाल, निळ्या, हिरव्या सैन्याला ब्रशने वार्निश लावलं. सकाळपर्यंत सगळ्या गुळगुळीत, बोटाला कोरड्या. आता पिवळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. तिने ब्रश बुडवला. दादा टेबलाशी येऊन बसला आणि चाळा म्हणून समोरच्या सोंगट्या चाचपू लागला.

"हा माझा," तो म्हणाला. मग पुढची. "हा नाही. हा नाही. हा माझा."

एकही चुकली नाही. त्याची नजर खिडकीकडे होती.

ताईने ब्रश खाली ठेवला. खोक्यातून एक कोरी सोंगटी काढली. खेळात ही जादाची म्हणून ठेवलेली, रंगवायची राहून गेलेली, जशीच्या तशी राखाडी. ती उजेडात त्याच्या समोर धरली. "आणि ही कुठल्या रंगाची, दादा?"

त्याने बराच वेळ मान तिरकी करून पाहिलं. "पिवळी असणार. नाही का?"

म्हणजे पिवळं कधीच गेलं होतं. बुबुळं, दाढ्या, घोड्यांच्या आयाळी, आठवडेच्या आठवडे शेजारी बसून 'छान, छान' म्हणत त्याने यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. तिला रडू आलं आणि रागही आला. बहिणीशीसुद्धा खोटं बोलायचं म्हणजे काय?

"तुला वाईट वाटलं असतं, कवळे," तो म्हणाला. "इतकी खपत होतीस."

तिने नव्या वार्निशच्या बाटलीचं झाकण लावून टाकलं. पिवळ्या तशाच राहिल्या, चिकट. चार लोक तिच्या हाताला नावं ठेवणार होते. तिला आजवर कुणी ठेवली नव्हती आणि त्याचा तिला केवढा तरी अभिमान होता.

शनिवारी दुपारी मित्र आले. लाल, निळं, हिरवं सैन्य हातोहात फिरलं. "शिपायाला बुबुळं आहेत," जांभई म्हणाला आणि जांभई द्यायला विसरला. मग औषधवाल्याने पिवळा राजा उचलला. तो बोटाला चिकटूनच वर आला.

"ताई, हे काय? बाकीचं इतकं सुरेख, आणि हेच कसं बिघडलं?"

तिने उत्तर घोकून ठेवलं होतं. "घाई झाली माझ्याकडून. चुकलंच."

"घाई? या संचाचं मी तुम्हाला किती बजावलं होतं."

"हो. माफ करा."

"दातांचं असं केलं असतं तर?" वकील म्हणाला. "माणूस आयुष्यभर मुका." जांभई हसला. ताईही हसली, कारण हसण्यावारी गेलं तर बरंच होतं. तिचे कान तापले होते.

"तिचं काही बिघडलेलं नाही," दादा म्हणाला.

"दादा, राहू दे ना."

"नाही राहू देत. माझ्यासाठी तशाच ठेवल्यात तिने. हाताला कळाव्यात म्हणून. मला दिसत नाही."

ताईने पदराचं टोक मुठीत धरलं. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला ते याने एका वाक्यात उधळून लावलं होतं.

"कधीपासून?" वकिलाने विचारलं.

"झालं वर्ष."

"म्हणजे माझा घोडेस्वार..."

"तुझा आहे हे खरंच कळलं नाही."

"अरे, मग आधी सांगायचं नाही का?" औषधवाला कळवळून म्हणाला. "आपण असं करू, दर पाळीला तुला एक चाल जादा. आणि तुझ्या राजाला कुणी मारायचं नाही, आपल्या आपल्यात ठरवू."

हेच ते. दादा ज्याला भीत होता तेच, आणि तेही इतक्या मायेने. ताईने दादाकडे पाहिलं. त्याची बोटं पिवळ्या राजावरून हळूच बाजूला झाली होती. आता हा उठणार आणि आतल्या खुर्चीत जाऊन बसणार, हे तिला दिसत होतं.

"जादा चाल कसली?" वकील खेकसला. "तू गप्प बस." त्याने आपले लाल शिपाई एकेक करून दाबून पाहिले आणि ताईसमोर सरकवले. "ताई, याचे याला कळतील. पण माझे कसे कळायचे? निळे, हिरवे, लाल, सगळे गुळगुळीत करून ठेवलेत. उद्या मी जिंकलो की हा जगभर सांगत फिरेल, मला दिसत नव्हतं म्हणून. मला नको तसलं. यांना खरखरीत करा, खाचा पाडा, काय वाटेल ते करा."

"आत्ता?"

"मग केव्हा? फासे पडायच्या आधी करा."

ताईने सुई तापवून आणली आणि लाल शिपायांच्या पाठीवर एकेक खाच पाडली, निळ्यांच्या पाठीवर दोन; हिरवे तसेच गुळगुळीत ठेवले. इतकं रंगवलेलं काम डागताना तिला काही वाटलं नाही. औषधवाल्याने मात्र डोळे मिटून घेतले होते. दादाने सगळ्या हाताखालून घातल्या आणि मान हलवली.

वकिलाने त्या डावात दादाचा राजा सगळ्यांत आधी मारला. दया नाही, माया नाही, सवलत नाही. जेवताना दादा सारखा धुमसत होता: तो नदीकाठचा किल्ला सोडायला नको होता, वकील कपटी आहे, पुढच्या शनिवारी त्याला दाखवतोच. भात निवत चालला होता. ताईने त्याला जेव म्हटलं नाही, बोलू दिलं.